टोइवोचं घोरणं

घरी माझ्या नवऱ्याच्या, टोइवोच्या घोरण्यानं वैतागून मी त्याला कोपर मारते. बोटीवर मात्र, तो सुपीरियर सरोवराच्या तळाशी बुडालेल्या जुन्या जहाजाच्या उत्खननाला उतरला, की स्पीकरवर त्याचा तोच घरघरता श्वास मी जिवाचे कान करून ऐकते.

"आता इथून कोपर मार बघू!" आजही उतरताना तो मला चिडवून गेला.

जहाजातल्या एका खोलीत शिरल्यावर त्याचा श्वास अचानक थांबला. हवेची नळी घट्ट धरून मी माइककडे झुकले.

"टोइवो! अरे, बोल काहीतरी! टोइवो!" मी माइकमध्ये किंचाळत होते. दुसरा पाणबुड्या उडी मारायला कठड्यावर चढलासुद्धा.



"हळू बोल गं," स्पीकरमधून कुजबुज आली. "इथे पाळणा आहे. रिकामा नाही."