वर्दी घालून ये

पोलीस शिपाई प्रल्हाद सुटीवर अमडापूरला आला, तसं त्याच्या बापानं, उत्तमरावांनी फर्मावलं, “वर्दी घाल अन् शेजारच्या शेषरावले एक ठेवून दे. मोरीचं पाणी आपल्या अंगणात सोडून राह्यला.”

“बाबा, वर्दी त्याच्यासाठी नसते.”

“मंग कायच्यासाठी पोलीस केला तुले?”

बापानं अबोला धरला. शेवटी प्रल्हादनं वर्दी चढवली आणि शेषरावकाकांच्या कानफटात मारली. बाप गल्लीभर ऐटीत मिरवला. प्रल्हादला स्वतःचीच किळस आली. त्या हातानं घास उचलवेना.

संध्याकाळी शेषरावकाका सुजलेला गाल घेऊन दारात आले. प्रल्हाद माफी मागायला उठला, तोच ते हळूच म्हणाले,

“बाबू, माहा किरायदार खोली सोडत नाही. त्यालेबी अशीच एक ठेवून दे ना.”