कट्टु

खडखड आवाज करत लोखंडी चौकट नारळाच्या खोडावरून घसरत आली आणि सुखदाच्या छातीएवढ्या उंचीवर गचकन थांबली. तिने वर पाहिलं. शेंड्याजवळ, तीन मजल्यांच्या उंचीवर, दयानंदअण्णांचे दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते.

चढायच्या यंत्राचे भाग दोन. वरचा बसायचा, खालचा, म्हणजे ही चौकट, पाय रोवायचा. खोडाला कवटाळून दोन्ही आळीपाळीने वर सरकतात आणि माणूस चढतो. खालचा भाग निसटला तर वरच्याने धरून ठेवावा, म्हणून दोघांना जोडणारा एक पट्टा असतो. तो पट्टा आणि कमरेचा पट्टा, दोन्ही या घटकेला फाटकाबाहेर अण्णांच्या स्कूटरच्या हुकाला मजेत टांगलेले होते. "धा मिनटाचं काम हाय, अक्का," अण्णा म्हणाले होते. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून बंगळूरच्या येलहंकात राहायला आलेल्या, कन्नडचा गंध नसलेल्या सुखदाने मान डोलावली होती. निपाणीकडचा, मराठी बोलणारा माणूस मिळाला, याचाच तिला आनंद झाला होता.

आता तो माणूस वरच्या तुकड्यावर नुसता बसून होता. पाय टेकायला काही नाही. खाली यायचं तर चौकट हवी, आणि चौकट खाली आलेली. त्यांनी खोडाला घट्ट मिठी मारली होती.

"अण्णा, हलू नका!" ती ओरडली. हलायला जागा कुठे होती? तिच्या मनात आलं, मीच बोलावलं यांना. चार वाळक्या झावळ्यांसाठी बोलावलं.

अण्णांच्या कमरेचा दोर खालपर्यंत येत होता. धार घेऊन चढायचं नाही, वर पोचल्यावर कोयता दोराने ओढून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. कोयता बांधून द्यायचं काम सुखदाचं. तो अजून तिच्या हातातच होता. आणि घसरता घसरता चौकट त्याच दोरात गुरफटली होती. तिचं सगळं वजन अण्णांच्या कमरेला लागलं होतं. ते एका बाजूला ओढले जात होते आणि त्यांच्याबरोबर बैठकही कलत होती.

"अक्का!"

नेमकं तेव्हाच हवाई तळावरचं विमान कानठळ्या बसवत डोक्यावरून गेलं. अण्णांचं तोंड हलताना दिसत होतं. त्यातला एक शब्द तेवढा तिच्यापर्यंत पोचला.

"कट्टु! कट्टु!"

कट. सुखदाला क्षणाचीही शंका आली नाही. दोर माणसाला ओढतोय, माणूस पडतोय, आपल्या हातात कोयता आहे. दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या बाईला याहून स्वच्छ काय सांगायचं? तिने डाव्या हाताने दोर धरला आणि चौकटीच्या वर कोयता हाणला.

दोराचा एक पेड तुटला.

वरून किंकाळी आली. ती कुठल्याच भाषेतली नव्हती. अण्णांनी एक हात खोडावरून सोडवला होता आणि ते तो वेड्यासारखा हलवत होते. त्या हिसक्याने बैठक वीतभर घसरली. सुखदाच्या हातून कोयता गळून पडला.

"बांध!" अण्णांना अखेर मराठी सापडली. "तोडू नगंस! दोर चौकटीला बांध गं माय, बांध!"

बांध. कन्नडमध्ये कट्टु म्हणजे बांध. चौकटीचं कडं अजून खोडाभोवतीच होतं. दोर पक्का बांधला की ती वर ओढून पायाखाली घेता येणार होती. तो वर नेणारा एकुलता एक दोर ती तोडायला निघाली होती.

बुटाच्या नाडीपलीकडे तिला गाठ येत नव्हती. तुटलेल्या पेडाच्या वरचा दोर तिने चौकटीच्या दांड्याभोवती गुंडाळला आणि गाठीवर गाठ मारत सुटली. तीन, चार, पाच. एक नख मुळापासून उलटलं, ते तिला नंतर दिसलं.

"ओढा!"

चौकट खरडत वर निघाली. खोडाचा भुसा डोळ्यांत पडत होता, तरी तिने डोळे मिटले नाहीत. गाठी तिनेच मारलेल्या असल्यामुळे तिचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. वर ओढला गेलेला दोर वेटोळ्यांनी खाली येत होता. तो तिने दोन्ही मुठींत पकडला आणि छातीशी धरला. त्याचा उपयोग काहीच नव्हता, पण तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णांचे पाय चौकटीला लागले. ते बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी दोन्ही भाग एकमेकांना बांधले आणि वीत वीत करत उतरू लागले.

जमिनीला पाय लागल्याबरोबर अण्णा मटकन खाली बसले. शर्ट चिंब झाला होता, छाती सोलवटली होती. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष सुखदाकडे गेलं. ती तशीच उभी होती, दोर मुठींत, बोटं पांढरी पडलेली. अण्णा उठले आणि तिची बोटं सोडवायला हात पुढे करत हळूच म्हणाले,

"बिडी, अक्का. बिडी."

एवढ्या जिवावरच्या प्रसंगानंतर माणसाला बिडी ओढावीशी वाटली तर नवल नव्हतं. पण सुखदा जागची हलली नाही.

"मराठीत सांगा," ती म्हणाली, आणि तिने मूठ आणखी आवळली.

"सोडा म्हंतोय, अक्का. दोर सोडा."