सांगाचं नसते

महादेवरावांनी पेपरातली बातमी तिसऱ्यांदा वाचली. ऑस्ट्रेलियात आपल्या आणि तिथल्या फौजांचा एकत्र सराव, तिथल्या गावाचं नाव, गोऱ्या जवानांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले आपले जवान, सगळं छापून आलं होतं. फोटोत डावीकडून तिसरा त्यांचा निकेश.

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा पेपर मांडीवरच होता.

"कुठी हायेस रे सध्या?"

"ते नाई सांगता येत, बाबा."

"बरं. आज काय केलं दिवसभर?"

"तेही सांगाचं नसते. तुमाले तं मालूमच हाये."

मालूम होतंच. पुलगावच्या दारूगोळा डेपोत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सकाळी फाटकावर काडीपेटी जमा करून आत जायचं आणि संध्याकाळी आतलं आतच ठेवून घरी यायचं. बायको, नलू, दारातच विचारायची, "आज काय केलं जी दिवसभर?" एकदा ते तिच्यावर खेकसले, "तुले काय करायचं हाये बॉम्बगोळ्याचं?" त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. तिला जाऊनही आता चार वर्षं झाली.

निकेशने फोन ठेवला. महादेवरावांनी पेपराची घडी केली आणि रिकाम्या दाराकडे बघितलं.

"पेट्यांले रंग मारला, नलू," ते हळूच म्हणाले. "दिवसभर नुसता हिरवा रंग मारला."