शेजारणीची पोर

प्रमिलाबाईंनी आत पाऊल टाकलं आणि समोरच्या बाकावर रंजनाबाई दिसल्या. आता मागं फिरणं शक्य नव्हतं. नजरानजर झाली होती, आणि रुपाचा हात प्रमिलाबाईंच्या हातात होता.

"ओ माय! तुमी आठे?" रंजनाबाईच आधी बोलल्या.

घात झाला! येत्या रविवारी याच बाईच्या भावेशशी प्रमिलाबाईंच्या थोरल्या लेकीची, भूमिकाची, सुपारी फुटायची होती. भूमिकाला सत्ताविसावं सरत आलेलं. आधीची दोन स्थळं धाकट्या रुपामुळे मोडली. धाकटी अशी, मग थोरलीच्या पोटी काय येईल, असं एकानं तर तोंडावर विचारलं होतं. म्हणून या खेपेला पाहुणे घर बघायला आले तेव्हा रुपाला खांडबाऱ्याला मामाकडे धाडून दिलं. धाकटी मामाकडे शिकते, एवढंच सांगितलं. मुलगाही किती गुणी! कुणाच्या अध्यात ना मध्यात, विचारलं तेवढंच बोलणारा. असा जावई हातचा घालवायचा?

आणि आपल्या शहाद्याकडचं कुणी भेटू नये म्हणून तर प्रमिलाबाई तळोद्याच्या शिबिराला आल्या होत्या. नाशिकहून डॉक्टर मंडळी आली होती. स्वमग्न लहानथोरांचं लक्ष कसं टिकतं, धरलेला नियम सोडून दुसरा धरायला त्यांना किती जड जातं, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायचे, मग मध्येच आकाराप्रमाणे. तिन्ही फेऱ्या पुऱ्या करणाऱ्यांना पुढं वर्षभर फुकट शिकवणार होते. रुपाची आज तिसरी फेरी.

"हाई कोन शे?" रंजनाबाईंनी रुपाकडे बोट केलं.

प्रमिलाबाईंची जीभ आपसूकच वळली. "शेजारनी पोर शे. तिनी मायले वावरमा काम व्हतं, म्हनीसन मी हिले लई उनू."

बोलून गेल्या आणि मनातून मेल्या. तेरा वर्षं जिला जिवापाड जपलं, तिला एका दमात परकी करून टाकलं.

"आनि तुमी?" त्यांनी घाईनं विचारलं.

"मन्ही भाची आठे कामले शे. तिले डबा देवाले उनू." रंजनाबाईंनी मांडीवरचा डबा थोडा वर उचलून दाखवला आणि परत मांडीवर ठेवला.

टेबलाशी बसलेल्या सहायकानं यादीवरून मान वर केली. "बसा ताई. आतलं एक झालं की तुमचं नाव पुकारतो."

नाव! हे तर प्रमिलाबाईंच्या ध्यानातच नव्हतं. इथं बापाच्या नावासकट अख्खं नाव पुकारायचे. रुपा सुकलाल पाटील! भूमिकाच्या बायोडाटावर सुकलालचं नाव ठळक छापलेलं, आणि तो कागद रंजनाबाईंच्या घरात. प्रमिलाबाई उठून टेबलाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, नुसता नंबर पुकारा ना. नाव कशाला?"

"नाव पडताळल्याशिवाय आत घेता येत नाही, ताई."

उठून जावं का? पण मग रुपाचं वर्ष बुडालं. बसावं, तर भूमिकाचं लग्न. एका पोरीसाठी दुसरीला खड्ड्यात ढकलायची म्हटलं तर कुठल्या आईचे हात धजतील? पदराआड मुठी आवळून त्या बाकावर येऊन बसल्या.

वरचा पंखा करकरत होता. रुपानं दोन्ही कानांवर हात धरले आणि पुढंमागं डुलायला लागली. झालं! आता या बाईला कळणार.

"पंखा बंद करा भाऊ," रंजनाबाई एकदम म्हणाल्या. "पोरले आवाजना तरास होई ऱ्हायना."

पंखा थांबला. रुपा शांत झाली. प्रमिलाबाईंना मात्र घाम फुटला. बाई बारकाईनं बघतेय. हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. रविवारी ओटीवर बसून चारचौघांत सगळं बाहेर काढेल. रंजनाबाई घडीघडी त्या बंद दाराकडे बघत होत्या. भाचीला बोलावून पोरीचा कागद काढायला सांगणार, दुसरं काय!

तेवढ्यात रुपानं प्रमिलाबाईंचा पदर ओढला. "माय. घर. माय."

रंजनाबाईंनी मान वळवली.

"सर्वासलेच माय म्हनस ती," प्रमिलाबाई हसल्या. कशा हसल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. रुपाच्या मुठीतून त्यांनी पदर हळूच सोडवून घेतला, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी किळस आली की डोळे भरून आले.

"म्हनू द्या," रंजनाबाई म्हणाल्या. "काय बिघडनं?" त्यांचा आवाज जरा कापल्यासारखा झाला. पण प्रमिलाबाईंचा जीव तेव्हा दाराच्या कडीत अडकला होता.

कडी वाजली. दार उघडलं. तरुण डॉक्टर हातात पत्ते घेऊन बाहेर आली. प्रमिलाबाईंनी श्वास रोखला. आता पुकारणार. रुपा सुकलाल...

डॉक्टर यादीकडे वळलीच नाही. सरळ रंजनाबाईंपाशी आली, वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, भावेश रंगाचा नियम सोडायलाच तयार नाही. घाबरलाय. 'आईला बोलवा' म्हणतोय. जरा आत येता?"