नकोचं मतदान

"काकू, घसा त्यांचा असंल, पण गाणं आमचं हाय," शिवम म्हणाला आणि गारखेड्यातल्या त्या क्लासच्या हॉलमध्ये कुजबुज थांबली.

सरोजिनीबाई उभ्याच होत्या. 'खामकाठ' बँडचा गायक हेमचंद्र हा त्यांचा नवरा. एकच कॅसेट काढून बँड कधीच मोडला होता, पण शहरातले काही वेडे अजून त्या कॅसेटवर जगत होते. गेल्या वर्षी हेमचंद्रच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन झालं. गा, पण किंचाळू नका, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी येत्या रविवारी चाहत्यांच्या मंडळाच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात तो एका गाण्यापुरता स्टेजवर उभा राहणार होता. चाहते निवडतील तेच गाणार, असा शब्दही देऊन बसला होता. बायकोचं ऐकेल तर तो हेमचंद्र कसला! म्हणून त्या चाहत्यांनाच विनवायला आल्या होत्या. काहीतरी हलकंफुलकं निवडा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"ज्याला ऐकवत नाय त्यानं रविवारी घरी बसावं," दुसऱ्या बाजूनं प्रेरणा म्हणाली.

शिवम आणि प्रेरणा यांचं त्या दिवशी एकमत दिसलं ते एवढ्याच एका गोष्टीवर. सरोजिनीबाई गुमान मागच्या बाकावर जाऊन बसल्या. एका माणसाचा आवाज जायची वेळ आलेली आणि याच मंडळींनी स्वतःला त्याचे भक्त म्हणवून घ्यायचं. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते.

शिवमचा गट 'उलटा चंद्र'वाला. प्रेरणाचा गट 'लोखंडी फुलं'वाला. दोन्ही गाण्यांच्या शेवटी हेमचंद्रची ती प्रसिद्ध लांबलचक किंकाळी, आणि कुणाची किंकाळी मोठी यावरून या दोन गटांत वर्षानुवर्षं हाडवैर. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांच्या पंगतीला बसत नसत.

मतदानाची पद्धत बँडच्याच काळातली. कॉलेजच्या गॅदरिंगला हेमचंद्र एकेका गाण्याची पहिली ओळ म्हणायचा आणि हवं ते गाणं येईपर्यंत पोरं 'नको, नको' ओरडायची. तेच मंडळानं उचललं होतं. टेबलावर तीन गाण्यांचे तीन डबे. प्रत्येकाला एक चिंचोका. जे गाणं नको त्याच्या डब्यात तो टाकायचा. ज्या डब्यात सगळ्यात कमी चिंचोके, ते गाणं जिंकलं.

तिसरं गाणं भरतीचं असायचं. हॉलचा मालक सोमनाथ तो मान स्वतःकडे ठेवायचा आणि दरवर्षी एखादं पडेल गाणं शोधून काढायचा. बहुतेकांचे चिंचोके त्याच डब्यात जायचे, खरी मारामारी उरलेल्या थोड्यांत व्हायची. या वेळी त्यानं 'आत्याची सायकल' ठेवलं होतं. बोलल्यासारखं म्हणायचं, चिमुकलं, कॅसेट संपवायला घातलेलं गाणं.

वादाला सुरुवात झाली तीच वरच्या पट्टीत. 'उलटा चंद्र'ची चाल लग्नातल्या बँडवाल्यांनीही घेतली नसती, असं प्रेरणानं ऐकवलं. त्यावर शिवमनं 'लोखंडी फुलं' हे पोरींनी नकार दिलेल्यांचं राष्ट्रगीत असल्याचं जाहीर केलं. मग कुणाच्या बापाला संगीतातलं काय कळत होतं इथपर्यंत गाडी गेली. एक खुर्ची आडवी झाली. सोमनाथ मध्ये पडला तर दोन्हीकडून त्यालाच बोलणी बसली.

प्रेरणाच्या गटातला सम्यक तेवढा जरा शांत डोक्याचा. दरवर्षीसारखे निम्मे चिंचोके आत्यावर टाकून तिला बाद करू, मग उरलेल्यांत चंद्राला बघून घेऊ, असं त्यानं सुचवलं.

प्रेरणा त्याच्यावर उसळली. "आत्यावर चिंचोका वाया घालवणारा आमचा नाय. एकूण एक चिंचोका चंद्राच्या डब्यात पडला पाह्यजे. घाबरत असशील तर त्यांच्यात जाऊन बस."



शिवम कसला मागं राहतो. तो खुर्चीवर चढला. "ऐकलं का? आपला बी एकूण एक चिंचोका फुलांवर. ह्यांचं गाणं जिंकायला नाय पाह्यजे, मग काय बी होऊ द्या."

टाळ्या पडल्या. माणसं रांगेनं पडद्याआड जाऊन दात-ओठ खात चिंचोके टाकून आली.

सोमनाथनं पहिले दोन डबे टेबलावर ओतले. दोन्ही ढीग चांगलेच मोठे होते. तिसरा डबा त्यानं ओतला, मग हलवला, मग आत डोकावून पाहिलं. त्यात एकही चिंचोका नव्हता.

"आत्याची सायकल," तो पडेल आवाजात म्हणाला.

आधी कुणाला पटेना. पटलं तेव्हा दोन्ही गट एकमेकांच्या अंगावर धावले. तुमच्या हट्टापायी झालं, तुमच्याच. पण नियम तो नियम. सोमनाथनं सगळ्यांसमोर हेमचंद्रला फोन लावला. पलीकडून आधी एक कचकचीत शिवी आली. मग तो म्हणाला, "शब्द दिलाय. गातो."

मंडळी पाय आपटत जिना उतरली. सम्यक तर तडक निघून गेला. सोमनाथ स्वतःशीच पुटपुटत आत खुर्च्या उचलायला लागला. बाहेर गच्चीवर शिवम आणि प्रेरणाचं अजून चालूच होतं. ती त्याला मूर्ख म्हणत होती, तो तिला आडमुठी.

सरोजिनीबाई सावकाश त्यांच्यापर्यंत आल्या. जिन्यात कुणी नाही ना, हे त्यांनी वाकून पाहिलं. मग दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आपलं ठरलेलं ह्यांना कधी कळू द्यायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "आणि आता खाली वेगवेगळे उतरा."