काळ्या गाडीवरचा ओरखडा

ओरखडा पुढच्या दारापासून थेट मागच्या दिव्यापर्यंत गेला होता. काळ्या रंगाखालचा पत्रा उघडा पडला होता. सुनील गाडीभोवती तिसरी फेरी मारत होता, पण ओरखड्याला बोट लावायचं त्याला धाडस होईना.

"कोणी केलं हे?" तो सहाणेवरच्या माणसांवर ओरडला.

सहाण म्हणजे देवळासमोरचा ओटा. शिमग्यात वाघजाईची पालखी तिथं बसते. उद्या सकाळी ती घरोघर निघणार होती, म्हणून सजावटीला सगळं कुडपण गाव तिथंच जमलं होतं. तमाशा बघायला वेगळं आमंत्रण लागलं नाही.

गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. नवी असतानाच ठाण्याच्या सोसायटीत शेजाऱ्याच्या तसल्याच गाडीचे दोन्ही आरसे चोरांनी उपटून नेले. त्या दिवशी सुनीलच्या डोक्यात जो चोर शिरला, तो काही बाहेर निघाला नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी घास एका हातात आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर गाडी जागेवर आहे का बघायचं. गावात तर गुरं होती, पोरं होती, शिमग्याचा रंग आणि चिखल होता. तो सकाळी घाट चढून यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि चारच्या ठोक्याला परत निघायचा. तीन वर्षांत तो एक रात्र घरी निजला नव्हता. आईनं, ठमाबाईनं, राहा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "गाडी कुठं ठेवू, आये?" दोन शिमगे तिच्या दारात पालखी आली तेव्हा घरचा मुलगा नव्हता. खांदा शेजारच्या पांडूनं दिला.

आजही चार वाजताच तो निघाला होता. आणि समोर हे.

"कॅमेऱ्यात काय दिसतं?" पांडूनं विचारलं.

"पुढचं दिसतं, मागचं दिसतं. साइडचं दिसत नाही. आणि धक्का लागला की वाजणारा भोंगा मीच बंद केला, बकऱ्या अंग घासत होत्या म्हणून." सुनीलचा आवाज चढला. "मी आता खाली पोलादपूरला जातो आणि कम्प्लेंट देतो. सगळ्यांची नावं देतो."

हे सगळ्यांनाच लागलं. ज्यांनी त्याला कडेवर खेळवलं त्यांची नावं तो देणार होता.

भागोजी उठला. तो सुनीलचा चुलता आणि गावकीचा म्होरक्या. त्याचा आवाज मात्र जराही हलला नव्हता.

"नावं कशाला, माणसंच देतो तुला. व्हळीची लाकडं आमी चोरतो, ती रीत हाय. पर दुसऱ्याच्या जिनसेवर हत्यार चालवणारा या गावात नाय. आण रं पांडू, नारळ आण."

नारळ पालखीपुढं ठेवला. त्याच्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, गाडीला मी धक्का लावला नाय. खोटं बोलणाऱ्याचं पुढं वाघजाई बघून घेते. सुनीलला हे सांगायची गरज नव्हती. शाळेत असताना काजू चोरल्यावर याच सहाणेवर त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती आणि खोटं काही केल्या बाहेर आलं नव्हतं.

एकेक जण पुढं आला. पहिला भागोजीच. मग म्हातारे, मग बाप्ये, मग बाया.

"काचेत बघून भांग पाडला तेवढा," पांडू नारळावर हात ठेवून म्हणाला. "पर गाडीला हात नाय लावला. आईशप्पत."

लोक हसले. सुनील हसला नाही. रांग सरत चालली तसा त्याचा राग उतरत गेला आणि त्याला लाज वाटू लागली. एकाचीही नजर ढळत नव्हती.

"झालं गाव," भागोजी म्हणाला. "आता बोल."

"तात्या, चुकलं माझं," सुनील खालच्या आवाजात म्हणाला. "वर येताना करवंदीची फांदी लागली असेल. माझ्याच लक्षात आलं नसेल."

"थांब जरा. मी ऱ्हायलेय."

ठमाबाई देवळाच्या पायरीवर फुलांचे हार ओवत बसली होती. तिनं सुई बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देत उठली आणि नारळासमोर येऊन उभी राहिली.

"तू कशाला गो?" भागोजी म्हणाला. "तुला कोण इचारतंय?"

"देवीसमोर खोटं नाय बोलवत. मला हात नाय ठेवता येणार."

सुनीलला आधी कळलंच नाही. मग तो आईकडे बघतच राहिला.

"आये, तू?"

"मीच. इळ्यानं." तिनं मान खाली घातली नाही. "तीन वर्सं तू घरी निजला नायस, का तर गाडीवर कोणतरी ओरखडा काढील. आता निघाला ना ओरखडा? मंग आता कसलं भ्या? उद्या पालखी दारात येल. आज ऱ्हा."