दोरीवरचा नऊ नंबर

दोरीवरच्या सगळ्या शर्टांत नऊ नंबरचा एकटाच पांढराशुभ्र होता.

बातमीदार जागीच थबकला. सरावाचा हा संच चारच दिवसांपूर्वी नवाकोरा आलेला. तरी बाकीच्यांच्या कोपरांवर, छातीवर चिखलाचे पिवळट डाग राहिले होते. या मैदानाचा चिखल एका धुण्यात निघत नाही. चोवीस नंबर तर खांद्यापर्यंत डागाळलेला. नऊ नंबरवर मात्र डागाचं नाव नव्हतं. घातलेला असो वा नसो, रोज सगळा संच धुवायचा, हा इथले कपडे धुणाऱ्या त्याच्या आईचा नियम. म्हणजे शर्ट धुतला गेला होता, पण चार दिवसांत कुणी अंगात घातलाच नव्हता. ज्याच्या गोलांवर संघ इथवर आला, तो नऊ नंबर उद्या खेळणार नव्हता.

बातमी आयती हातात आली होती, आणि नेमकी याच जागी यायला नको होती.

उद्या घरच्या मैदानावर युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेतला, गटाचा शेवटचा सामना. या छोट्या क्लबनं पहिल्यांदाच एवढी मजल मारलेली. समोर गटातला सगळ्यांत तगडा संघ. जिंकले तर पुढची फेरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सराव बंद दाराआड चालला होता. सामन्याआधीचा लेख त्याच्याकडे होता आणि संपादकांनी सकाळीच त्याला फैलावर घेतलं होतं. गुणतक्ता आणि मागचे निकाल शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी चार वाजेपर्यंत आण, नाहीतर सोमवारपासून हवामानाचं पान सांभाळ.

आई तीस वर्षं क्लबचे कपडे धुते आहे. शाळा सुटली की तो इथेच, यंत्रांच्या घरघरीत अभ्यासाला बसायचा. कोण अंग झोकून खेळतो आणि कोण अंग राखून, हे डागांवरून ओळखायला तिनंच त्याला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं कौतुकानं त्यावर लेख लिहिला. लेख गाजला, आणि दुसऱ्याच दिवसापासून इतर वर्तमानपत्रांची माणसं कुंपणापाशी घुटमळू लागली. आईनं दोरी काढून आत बॉयलरच्या खोलीत बांधली आणि महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. शेवटी त्यानं शब्द दिला, इथे दिसेल ते इथेच राहील. तेव्हा कुठे तिनं त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

आज दोरी पुन्हा बाहेर होती, रस्त्याकडच्या कुंपणाला अगदी लागून. आईचं आता वय झालं, विसरली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं नऊ नंबर दोरीवरून काढला आणि काखेत मारला.

"ठेव तिथेच," आई दारातून म्हणाली. "ओला आहे अजून."

"अगं, रस्त्यावरून सगळं दिसतंय."

"दिसू दे. उन्हाला काय आत बोलावू?"

आईपुढे कुणाचं काही चालत नसे. त्यानं मुकाट्यानं शर्ट परत अडकवला. नऊ नंबरला काय झालंय, असं विचारून पाहिलं. माझ्याकडे कपडे येतात, कुणाची दुखणीखुपणी येत नाहीत, एवढं बोलून ती वळली. आत जाण्याआधी तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

कचेरीत बसल्यावर पहिलं वाक्य बोटांत तयारच होतं. नऊ नंबर उद्या मैदानात नाही. पाच शब्द, आणि फुटबॉलचं पान कायमचं त्याचं. त्यानं ते लिहिलंसुद्धा. वाचलं, आणि दातओठ खाऊन खोडलं. दिलेला शब्द हवामान बघून बदलायचा नसतो, असं स्वतःशीच पुटपुटत त्यानं दोन्ही संघांचे जुने सामने पुन्हा पाहायला घेतले. याआधीच्या गाठीला पाहुण्यांचा उंच बचावपटू नऊ नंबरला सावलीसारखा चिकटला होता आणि म्हणूनच पाहुणे वाचले होते. हे त्यानं बारकाव्यांसकट लिहिलं. उद्या कोण खेळणार, याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. संपादकांनी लेख वाचला, नऊ नंबर खेळतोय का म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं लेखाकडे बोट दाखवलं. सोमवारी हवामान, असं त्यांनी जाहीर केलं. तो बरं म्हणाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी दुसऱ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आईच्या दोरीचा फोटो होता. पांढऱ्याशुभ्र शर्टाभोवती लाल वर्तुळ. नऊ नंबर बाहेर. संपादकांनी तो अंक त्याच्या टेबलावर आपटला. त्याला मात्र काळजी लागली ती आईच्या नोकरीची.

संध्याकाळी सामन्याआधी तासभर संघांच्या याद्या आल्या. पाहुण्यांनी फोटोवर विश्वास ठेवला होता. उंच बचावपटू बाकावर, त्याच्या जागी आणखी एक आक्रमक. यजमानांच्या यादीत नऊ नंबर ठणठणीत होता. त्यानं दोन गोल करून सामना जिंकून दिला, आणि दोन्ही गोलांच्या वेळी त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईकडे गेला. संपादकांनी हवामानाचं नाव काढणं सोडून दिलं होतं. आई नऊ नंबरचा सामन्यातला शर्ट चोळत होती. त्यानं विचारण्याआधीच तिनं सांगून टाकलं. चार दिवस नऊ नंबर चोवीसचा शर्ट घालून सराव करत होता. दोरी बाहेर बांधायची कल्पना तिची. प्रशिक्षकानं नुसती मान डोलावली होती.

तो हसला. मग त्याच्या मनात काहीतरी आलं आणि हसू विरलं.

"आणि मीच छापलं असतं तर?"

आईचे हात थांबले.

"तर काय, सामना आपण जिंकलोच असतो," ती म्हणाली. "हरले असते ती मी."